गोळी सोपी झाली, निदान राहिलं

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलीन आणि त्यामागोमाग आलेल्या प्रतिजैविकांनी जिवाणूंना आवर घातला, आणि डॉक्टरांपुढे एक वेगळीच तक्रार वाढली. ताप उतरे, जखम भरे. पण तोंडात पांढरा थर जमे, बायकांना योनीमार्गात असह्य खाज सुटे. हे काम कॅंडिडाचं. ही यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, निरोगी माणसाच्याही अंगात थोड्या प्रमाणात असते. तिला धाकात ठेवणारे जिवाणू औषधाने मेले की ती फोफावते. त्यावर तेव्हा हाताशी होतं ते जेन्शियन व्हायोलेट, म्हणजे आपल्या दवाखान्यांतलं जांभळं औषध. लावलं की कातडी, कपडे, चादरी सगळंच जांभळं. तिथून आजच्या एका गोळीपर्यंत पाऊणशे वर्षं गेली. त्या काळात औषध झपाट्याने पुढे गेलं. आजार ओळखण्याचं काम मात्र मागेच राहिलं.

औषधाची सुरुवात पोस्टाने झाली, असं म्हटलं तरी चालेल. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात शास्त्रज्ञ. हेझन न्यूयॉर्क शहरात, ब्राउन ऑल्बनीला. हेझन ठिकठिकाणची माती मागवून तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवत आणि ते बुरशीला मारतात का ते पाहत. काही आशा दिसली की काचेची बरणी पोस्टाने ऑल्बनीला जाई. ब्राउन त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढून परत पाठवत. बुरशी मारणारे पदार्थ पुष्कळ सापडले, पण त्यातले बरेचसे प्राण्यांनाही मारक निघाले. अखेर व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतावरच्या मातीत हवा तो जीव मिळाला. १९५० मध्ये शोध जाहीर झाला आणि राज्याच्या नावावरून औषधाला निस्टॅटिन म्हणू लागले. स्वामित्वापोटी आलेले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले.

निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जात नाही, त्यामुळे ते तोंडात, कातडीवर, योनीमार्गात लावण्यापुरतं राहिलं. १९७० च्या दशकात क्लोट्रिमाझोलची मलमं आणि योनीत ठेवायच्या गोळ्या आल्या. १९८० च्या दशकाअखेरीस फ्लुकोनाझोल आलं आणि चित्रच पालटलं. साध्या संसर्गाला १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने घेतली की बहुतेकींना आराम पडतो. आज ती आपल्याकडे काही रुपयांत मिळते.

पण गोळी देणार कुणाला? या प्रश्नाला महाराष्ट्रातून मिळालेलं उत्तर जगाला हादरवणारं होतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी ३.६. त्यातले निम्मे जंतुसंसर्ग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं, धुपणी आहे, हे बायका एकमेकींना सांगत. दवाखान्यात सांगायचं म्हणजे लाज. दुखणं अंगावर काढायचं, हाच रिवाज. तोवर सरकारी यंत्रणेला बाई दिसे ती गरोदर असताना किंवा नसबंदीच्या वेळी. तिच्या इतर आजारांकडे धोरणकर्त्यांचं लक्ष वळवण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

पुढे लैंगिक आजारांवरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषधांची रंगीत पाकिटं आली. पांढरं जाण्याच्या तक्रारीला हिरवं पाकीट: त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे जिवाणू, परजीवी आणि यीस्ट तिन्हींवर एकदम मारा. प्रयोगशाळा नसेल तिथे हा मार्ग व्यवहार्य आहे, आणि त्याने अनेकींना उपचार मिळाले. पण हा अंदाजाचा उपचार आहे. अंदाज किती चुकतो, ते अमेरिकेत दिसलं. तिथे १९९० नंतर यीस्टची औषधं चिठ्ठीशिवाय मिळू लागली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती स्वतःहून विकत घेणाऱ्या बायका तपासल्या, तर निव्वळ यीस्टचा संसर्ग फक्त एक तृतीयांश जणींना निघाला. बाकीच्यांत कुणाला जिवाणूंचा, कुणाला मिश्र. काहींना तर कसलाच नव्हता.

पुस्तकातली लक्षणं ठरलेली आहेत. यीस्ट असेल तर खाज, आग, दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि वास जवळजवळ नाही. माशासारखा वास आणि पातळ करडा स्राव असेल तर जिवाणूंचा संशय. फेसाळ, हिरवट-पिवळा असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा. प्रत्यक्षात ही लक्षणं एकमेकांत मिसळतात. वारंवार यीस्ट होणाऱ्या बाईची साखर तपासायला हवी, कारण मधुमेह आटोक्यात नसला की यीस्टचं फावतं. गरोदरपणी तोंडाने घ्यायची गोळी टाळून क्लोट्रिमाझोल लावायला देतात.

अलीकडे यात पुरुषांचीही भर पडली आहे. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि मधुमेहाचं हे औषध आपल्याकडे स्वस्त झालं. औषध चांगलं आहे, पण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं आणि यीस्टला आयतं खाद्य मिळतं. शिश्नाच्या टोकाला लाली आणि खाज आली तरी अनेक पुरुष गप्प बसतात. बायकांची जुनी लाज आता त्यांच्याही वाट्याला आली आहे.

दरम्यान यीस्टही बदलते आहे. काही जाती फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत चिंताजनक बुरशींच्या गटात रुग्णालयांतून पसरणाऱ्या कॅंडिडा ऑरिसबरोबर नेहमीची कॅंडिडा अल्बिकन्सही घातली. म्हणून अंदाजाने गोळी देत राहणं आता परवडणारं नाही. खरं तर निदानाला लागतं ते फारच थोडं: काचपट्टीवर स्रावाचा थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक. मलेरियाच्या आणि क्षयाच्या तपासणीसाठी तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत पूर्वीपासून आहे, तंत्रज्ञही आहे. त्या टेबलावर ही काचपट्टी पोहोचवायची, तर तपासणीच्या खोलीला दार आणि पडदा हवा, आणि बाईला काय होतंय ते न लाजवता विचारणारं माणूस हवं. पाऊणशे वर्षांत राहिलेलं काम एवढंच आहे, आणि त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहायची गरज नाही.