यादीत रूथ कुठून आली?

मुलांनो, १७ डिसेंबरच्या मिस्सेला कधी गेला आहात का? नाताळ आठवड्यावर आलेला असतो आणि त्या दिवशी शुभवर्तमानात चक्क नावांची यादी वाचली जाते! अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा आणखी कोणी. अम्मीनादाब, शल्तीएल, जरुब्बाबेल... म्हणून तर बघा भरभर! पुष्कळांना ही येशूची वंशावळ कधी एकदा संपते असे होते. मला मात्र ती फार आवडते, कारण संत मत्तयने तिच्यात खजिना दडवला आहे.

आधी एक गंमत. अब्राहाम एक, इसहाक दोन, याकोब तीन, असे बोटांवर मोजत चला. दावीद राजा बरोबर चौदावा येतो. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. दाविदाच्या नावात तीन अक्षरे: दालेत, वाव, दालेत. किंमत ४, ६ आणि ४. करा बेरीज! मत्तयने सगळी वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन भागांत मांडली आणि त्यासाठी मधले तीन राजे गाळलेसुद्धा. येशू दाविदाचा वारस आहे, हे त्याला अशा रीतीने सांगायचे होते, असे अनेक अभ्यासक मानतात.

त्याहून मोठे नवल बायकांचे. बापलेकांच्या या यादीत मरियामातेच्या आधी चार जणी येतात. सारा, रिबेका अशा मानाच्या आज्या त्यांत नाहीतच. आहेत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको.

यातली रूथ मवाबची, म्हणजे परक्या मुलखातली. नवरा वारला, तरी तिने म्हाताऱ्या सासूची साथ सोडली नाही. दोघी बेथलेहेमला आल्या तेव्हा घरात दाणा नव्हता आणि शेतांत जवाची कापणी चालली होती. कापणाऱ्यांच्या मागे पडलेली कणसे गरिबांनी वेचावीत, असा तिथला नियम होता. रूथ सकाळपासून वाकून कणसे वेचत राहिली. शेताचा मालक बवाज याने तिला पाहिले आणि गड्यांना बजावले, तिला कोणी रागावू नका, उलट पेंढ्यांतली थोडी कणसे मुद्दाम गळू द्या.

बवाजाला परकीचे दुःख इतके कसे कळले? यादीत एक नाव मागे जा. त्याची आई कोण? राहाब! तीही परकीच, यरीहो शहरातली. आपल्या घराच्या छपरावर जवसाच्या काड्यांखाली इस्राएली हेरांना लपवून तिने त्यांचा जीव वाचवला होता. बवाज हे ऐकतच लहानाचा मोठा झाला असेल, असे मला मनापासून वाटते.

पुढे बवाज आणि रूथ यांचे लग्न झाले. त्यांचा मुलगा ओबेद, ओबेदाचा इशाय आणि इशायाचा दावीद. म्हणजे कणसे वेचणारी ती परकी बाई राजाची पणजी झाली! देवाने आपल्या पुत्रासाठी हेच घराणे निवडले आणि मत्तयने त्यातल्या परक्या आज्यांची नावे अभिमानाने लिहून ठेवली.

संत लूकनेही वंशावळ दिली आहे, पण उलटी. ती येशूपासून निघते, अब्राहामापाशी थांबत नाही, थेट आदामापर्यंत जाते. आदाम तर आपल्या सगळ्यांचाच पूर्वज! घरच्या बायबलमध्ये लूकचा तिसरा अध्याय काढा आणि २३ व्या ओवीपासून बवाज कुठे भेटतो ते शोधा.