वाढविलेले श्रीफळ

श्रावणी पौर्णिमेस कोकणातील कोळी बांधव सागरास नारळ अर्पण करतात आणि त्याच दिवशी घरोघरी गूळ, लवंगा व ओल्या खोबऱ्याचा नारळीभात शिजतो. एक नारळ देवाला, दुसरा पानात. या दोहोंत आमच्या पूर्वजांनी अंतर मानले नाही. नागपंचमीच्या पातोळ्या, गणेशचतुर्थीचे उकडीचे मोदक, नारळाच्या गोड रसातील शिरवळ्या, भोजनाअखेरची सोलकढी : ओले खोबरे वगळले, तर कोकणचे ताट रितेच दिसेल.

देवापुढे नारळ ‘फोडला’ असे आपण म्हणत नाही, ‘वाढविला’ म्हणतो. अशुभ उच्चार टाळावा हा त्यातील हेतू. परंतु पानात अन्नही आपण ‘वाढतो’च, हे आम्हांस फार सूचक वाटते. (‘नारळ देणे’ या प्रयोगास पुढे बडतर्फीचा अर्थ चिकटला, तो भाग निराळा!)

कीर्तनकाराच्या घरी श्रीफळांना तोटा नसतो. शाल खांद्यावर येते, श्रीफळ ओंजळीत येते आणि फडताळात जाऊन बसते. तेथून ते कोणाच्या मुंजीस, कोणाच्या सत्कारास हिंडते. आम्हीही हेच करीत आलो होतो. काही वर्षांपूर्वी नारळीपौर्णिमेस आमच्या गृहिणीने असेच एक फळ कानाशी धरून हलविले, पाणी वाजेना. वाढविले, तो आत खोबरे काळवंडलेले, कुबट. शेंडीस तांबडा दोरा होता, तो आमच्याच हातचा! एका मुंजीत आम्ही दिलेले फळ चार घरे हिंडून आमच्याच ओंजळीत परतले होते. पोय उमलल्यापासून नारळ पक्व व्हावयास सुमारे १२ महिने लागतात. माडाचे ते वर्षभराचे श्रम आम्ही मानपानात नासविले, आणि आदल्याच रात्री निरूपणाचा विषय होता अन्नदान! त्या दिवशी नारळीभात झाला नाही.

सत्कारातले श्रीफळ घरी खावे काय, असे भाविक विचारतात. अवश्य खावे. हल्ली आमचे फळ दुसऱ्या दिवशी स्नानसंध्या आटोपताच वाढविले जाते. एक वाटी शेजारी जाते, दुसरी खवणीवर. दोन श्रीफळे आली, तर एक मंडपातच वाढवून गुळासह श्रोत्यांस वाटतो. पुढे बसलेली पोरे त्याचीच वाट पाहत असतात, आमच्या उत्तररंगाची नव्हे.