नाव आणि धम्म: दोन दिवस, एकच हक्क

१४ जानेवारीला आपण नामविस्तार दिन साजरा करतो आणि १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन. पहिला दिवस नावाचा, दुसरा धम्माचा.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. ते नाव लागायला १९९४ उजाडले. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, भीमसैनिक शहीद झाले. १९५६ साली नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा संविधानातील कलम २५ चे धर्मस्वातंत्र्य प्रत्यक्षात उतरले. पुढे धोंड्या, कचऱ्या ही नावे मागे पडली. घरोघरी सिद्धार्थ, राहुल, सुजाता आले.

मात्र अनेक मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म अजून ‘हिंदू’च आहे. वस्त्यांत काम करताना आम्ही एकच भीती ऐकतो: ‘बौद्ध’ लिहिले तर सवलती जातील. ही भीती निराधार आहे. १९९० च्या कायदेदुरुस्तीनुसार अनुसूचित जातींच्या यादीतील जातीची व्यक्ती बौद्ध असली, तरी तिचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो.

म्हणून शाळाप्रवेशात आणि जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात आपली अनुसूचित जात लिहा. मिळवलेला हक्क कागदावरही दिसला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!