सात सभा, एकच सवाल

माणसाला गुलाम ठेवायचे की नाही, हे बहुमताने ठरवता येईल का? १८५८ मध्ये दोन उमेदवारांनी या प्रश्नावर एक राज्य घुसळून काढले.

२१ ऑगस्ट १८५८. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कोणी घोड्यावरून, कोणी घोडागाडीतून, तर कोणी आगगाडीने आले होते. जत्रा नव्हती की सर्कस नव्हती. सिनेटच्या एका जागेसाठी झुंजणारे दोन पुढारी समोरासमोर बोलणार होते, तेही तब्बल तीन तास!

एक होते डेमोक्रॅटिक पक्षाचे स्टीफन डग्लस. उंचीने ठेंगणे, पण दबदबा असा की लोक त्यांना 'छोटा महाबली' म्हणत. दुसरे होते रिपब्लिकन पक्षाचे वकील अब्राहम लिंकन, सहा फूट चार इंच उंचीचे आणि काटक अंगाचे. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने अर्ध्या तासात उत्तर द्यायचे. १५ ऑक्टोबरपर्यंत सात गावांत असे सात सामने झाले. विषय मात्र एकच : गुलामगिरी.

अमेरिकेत तेव्हा सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. दक्षिणेतील राज्यांत ही प्रथा रुजलेली होती. तिला हात लावण्याची भाषा दोघांपैकी कोणीच करत नव्हते. भांडण होते ते पश्चिमेकडील नव्या प्रदेशांचे. डग्लस म्हणत, तिथल्या रहिवाशांनी मतदानाने काय ते ठरवावे. १८५४ चा तसा कायदा त्यांनीच पुढाकार घेऊन संमत करून घेतला होता. ऐकायला हे किती लोकशाहीचे वाटते! पण लिंकन विचारत, गुलाम हा माणूस आहे की नाही? माणूस असेल, तर त्याला न विचारता त्याच्यावर राज्य करणे हे स्वराज्य कसले? ती तर जुलूमशाही झाली.

दुसऱ्या सभेत, फ्रीपोर्टला, लिंकन यांनी पेच टाकला. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालता येणार नाही, असा निकाल १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. मग तिथल्या लोकांना ती कायदेशीरपणे रोखता येईल का? डग्लस म्हणाले, येईल. स्थानिक कायद्यांचे संरक्षण नसेल, तर गुलामगिरी टिकणारच नाही. हे ते पूर्वीही बोलले होते, पण आता ते देशभर छापले गेले. इलिनॉयमध्ये हे उत्तर खपून गेले. दक्षिणेतले पुढारी मात्र खवळले.

लिंकनही काळाच्या मर्यादा ओलांडू शकले नाहीत. चार्ल्सटनच्या सभेत त्यांनी सांगून टाकले की, काळ्या-गोऱ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेचा पुरस्कार आपण करत नाही. मतदार सगळे गोरे पुरुष होते. १८५३ च्या कायद्याने तर बाहेरच्या कृष्णवर्णीयांना इलिनॉयमध्ये येऊन राहण्यासही बंदी होती. ज्यांच्या नशिबाचा फैसला चालला होता, त्यांना मतच नव्हते. तरीही स्वतःच्या घामाची भाकरी खाण्याचा हक्क प्रत्येक माणसाचा आहे, या मुद्द्यावरून लिंकन हटले नाहीत.

सिनेटर तेव्हा विधिमंडळ निवडत असे. जानेवारी १८५९ मध्ये डग्लस ५४ विरुद्ध ४६ मतांनी निवडून आले. लिंकन हरले, पण स्वस्थ बसले नाहीत. लघुलेखकांनी टिपलेली आणि वृत्तपत्रांत छापून आलेली भाषणे त्यांनी कात्रणे काढून वहीत चिकटवली. १८६० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष उत्तर-दक्षिण असा दुभंगला आणि लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे चार वर्षांचे भीषण यादवी युद्ध झाले. अखेर डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

या मुक्तीची वार्ता महाराष्ट्रातही पोहोचली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. माणसाचे माणूसपण मतांनी मोजायचे नसते, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नव्हते.