घड्याळाला झोप कशी कळते?

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही शिक्षक मळवलीला उतरून, भाजे गावावरून लोहगडावर गेलो होतो. वर धुके, गार वारा आणि सगळे चिंब भिजलेले. आमच्यातल्या एका सरांच्या मनगटावर नवे स्मार्टवॉच होते. त्यांनी सहज रक्तातला ऑक्सिजन पाहिला, तर आकडा आला ८८! सर घाबरले. कोणी म्हणाले, "उंचीमुळे असेल." कोणी सुचवले, "दीर्घ श्वास घ्या, वाढेल." खाली आल्यावर अंग कोरडे करून गरम चहा घेतला, आणि त्याच घड्याळाने ९७ दाखवले. दोन तासांत रक्तात एवढा फरक पडला, की घड्याळ चुकले? हेच घड्याळ रोज सकाळी "गाढ झोप १ तास १० मिनिटे" असेही सांगते. ते तरी त्याला कसे कळते?

रंगावरून ऑक्सिजन

प्रथम एक साधा प्रयोग करू. अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या काचेवर बोट दाबून धरा. बोट लालभडक दिसेल. टॉर्चच्या पांढऱ्या प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते; लाल प्रकाश बराचसा पार होतो.

आता पुढची पायरी. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त किरण जास्त शोषते. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे नेमके उलट असते. म्हणून सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचे अवरक्त किरण असे दोन्ही बोटातून पाठवले आणि प्रत्येकाचा किती भाग शोषला गेला याची तुलना केली, तर ऑक्सिजनचे प्रमाण काढता येते.

पण प्रकाश कातडी, स्नायू आणि नीलांमधले रक्तही शोषतात. त्यातून धमनीतले रक्त वेगळे कसे ओळखायचे? ही अडचण जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीतले रक्त क्षणभर वाढते. बाकीचे सगळे जवळजवळ स्थिर राहते. तेव्हा प्रकाशाचा फक्त ठोक्याबरोबर बदलणारा भागच मोजायचा! बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व हेच.

बोटाच्या यंत्रात दिवा एका बाजूला आणि संवेदक दुसऱ्या बाजूला असतो. मनगटातून प्रकाश असा आरपार जात नाही. म्हणून घड्याळात दोन्ही एकाच बाजूला असतात आणि आतून परत आलेला क्षीण प्रकाश मोजला जातो. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसल्या, पट्टा सैल राहिला किंवा हात हलला, तर ठोक्याची ती बारीक लाट गोंधळात हरवते. गडावर आमच्या सरांच्या बाबतीत या सगळ्याच गोष्टी जुळून आल्या होत्या.

उंची आणि दीर्घ श्वास

मग उंचीचा काहीच परिणाम नाही का? लोहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा दहा-अकरा टक्के कमी असतो. पण हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरण्याची शक्ती मोठी असल्यामुळे, दाब एवढा उतरला तरी निरोगी माणसाचे प्रमाण एक-दोन अंकांपेक्षा फारसे घटत नाही. सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या लेहला मात्र नव्याने आलेल्या पाहुण्याचे प्रमाण ९० च्या आसपास येऊ शकते.

दीर्घ श्वासाच्या सल्ल्याचे उत्तर आमच्या जवळच, लोणावळ्यात आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, आणि योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. ते प्रयोग 'योगमीमांसा' या त्यांच्या नियतकालिकात छापले जात. प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेते आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, हेही त्यांनी मोजले. प्राणायामाने खूप जादा ऑक्सिजन मिळतो, हा त्या काळी सर्वांचा समज होता. तो त्यांना मान्य झाला नाही. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी इतरत्र शोधले. योगावर श्रद्धा असलेल्या माणसाने योगाविषयीचाच एक लाडका समज मोजमापापुढे बाजूला ठेवला, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगण्यासारखी आहे.

कारणही सोपे आहे. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ ते ९९ टक्के भरलेले असते. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय उपयोग?

आणि झोप?

झोपेची खरी नोंद मेंदूतच होते. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतले विद्युत्प्रवाह प्रथम १९२४ मध्ये नोंदवले आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. डोळे भराभर हलतात ती, स्वप्नांची झोप १९५३ मध्ये वर्णन केली गेली. आजही झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, श्वास आणि ऑक्सिजन यांची रात्रभर एकत्र नोंद घेतात.

घड्याळाला यातले मेंदू, डोळे आणि स्नायू दिसतच नाहीत. त्याला दिसते ती मनगटाची हालचाल आणि हिरव्या प्रकाशाने मोजलेली नाडी. गाढ झोपेत नाडी संथ व नियमित असते, स्वप्नांच्या झोपेत ती कमीजास्त होते. यावरून ते अंदाज बांधते. एकूण झोपेचा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. टप्प्यांचा तेवढा भरवशाचा नाही. उद्याच्या पेपरांची काळजी करत तुम्ही निश्चल पडून राहिलात, तर घड्याळ ती झोपच समजेल.

आकडा चांगला, तरीही...

खोटा कमी आकडा नुसता घाबरवतो. खोटा चांगला आकडा अधिक धोक्याचा. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातल्या बोटाच्या ऑक्सिमीटरने ९२ ते ९६ दाखवलेल्या रुग्णांच्या धमनीतले रक्त प्रत्यक्ष तपासले. कृष्णवर्णीयांपैकी ११.७ टक्के, तर गौरवर्णीयांपैकी ३.६ टक्के जणांचे खरे प्रमाण ८८ च्या खाली निघाले. गडद कातडीतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते. आपल्याकडे याचा विचार करायलाच हवा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई व स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेले. तेही नुसता आकडा पाहून थांबत नव्हते. ताप, खोकला, दमही विचारत होते.

हीच रीत आपण ठेवावी. आकडा कमी आला तर हात ऊबदार करून, पट्टा नीट बसवून, शांत बसून पुन्हा मोजावे; शक्यतो बोटाच्या ऑक्सिमीटरने. तरीही ९४ च्या खालीच राहिला, तर डॉक्टरांकडे जावे. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा कितीही चांगला असला तरी थांबू नये. झोपेत मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे, हे घड्याळाने "उत्तम झोप" म्हटल्याने बरे होत नाही.

वर्गात करून पाहा

१. नाडी मनगटावर बोटे ठेवून एक मिनिट मोजा. मग घड्याळाचा आकडा पाहा.

२. एकाच विद्यार्थ्याचा ऑक्सिजन पाच वेळा मोजा. मग हात दोन मिनिटे गार पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा पाच वेळा मोजा. बदलले ते रक्त, की मोजमाप?

३. ज्यांच्या घरी असे घड्याळ आहे त्यांनी सात दिवस सकाळी उठताच, घड्याळ न पाहता, झोपेच्या वेळा वहीत लिहाव्यात. तुलना आठव्या दिवशी करावी.

जेथे दोन्ही नोंदी जुळत नाहीत, तेथेच चर्चा सर्वांत रंगते, असा आमचा अनुभव आहे.