पिल्लू जेवत नाही, तेव्हा

“दात येत असतील. दोन दिवसांत खाऊ लागेल.” हे वाक्य मी आमच्या शेजारच्या गृहस्थांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. त्यांच्याकडे साडेतीन महिन्यांचे लॅब्राडोर जातीचे पिल्लू होते आणि त्या दिवशी सकाळपासून त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते. काही महिन्यांपूर्वी आमच्या घरच्या पिल्लाचेही असेच झाले होते. ते खरोखरच दातांमुळे होते, आणि तेवढ्या एका अनुभवाच्या बळावर मी स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. शेजाऱ्यांनी माझा शब्द मानला. दुसऱ्या दिवशी पिल्लू ओकू लागले, तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. आजार पार्वोचा होता. लसीची शेवटची मात्रा दुकानाच्या हंगामात राहून गेली होती. पशुवैद्यांनी शर्थ केली, पण पिल्लू वाचले नाही. शेजाऱ्यांनी मला कधी दोष दिला नाही. आजही त्यांच्या दुकानात गेलो की हा विषय आम्ही दोघेही टाळतो.

प्राण्याला घरात बांधून ठेवावे की नाही, हा प्रश्न श्रावकाच्या दृष्टीने लहान नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध हा एक आहे आणि अन्नपाननिरोध हा दुसरा. तरीही नातवंडांच्या हट्टापुढे आपल्या अनेक घरांत आज पिल्लू येते, आणि एकदा आले की त्याच्या अन्नपाण्याचा भार आपल्यावर असतो. आपण अन्न रोखले नाही, पण ते पोटात जात नाही याकडे दुर्लक्ष केले, तर त्या मुक्या जिवाच्या दृष्टीने फरक तो काय? घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, “आज याने उपवास धरला वाटते.” उपवास हा इच्छेने केलेला त्याग आहे. पिल्लाच्या बाबतीत तो शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दातांविषयी. कुत्र्याच्या पिल्लाला जन्मतः दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात आणि दीड-दोन महिन्यांपर्यंत ते 28 होतात. हे दात सुईसारखे टोकदार असतात. ज्याच्या बोटाला लागले आहेत त्याला वर्णन नको. साधारण साडेतीन ते चार महिन्यांच्या वयात ते पडू लागतात. प्रथम पुढचे पटाशीचे, नंतर सुळे व दाढा अशा क्रमाने कायमचे दात येतात आणि सहा-सात महिन्यांत 42 दातांचा संच पुरा होतो. पूर्ण वाढलेल्या माणसाला 32 दात असतात. म्हणजे आपल्या मुलांना पाच-सहा वर्षे पुरणारा दात बदलण्याचा उद्योग हे पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांत उरकते.

हिरडीच्या आत कायमचा दात वर सरकू लागला की त्याच्या दाबाने दुधाच्या दाताचे मूळ विरघळत जाते. दात हलू लागतो, एक दिवस पडतो, आणि नवा दात वर येईपर्यंत ती जागा हळवी राहते. हिरडी लाल होते, किंचित सुजते, लाळ गळते, चघळायच्या खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसतो. अशा तोंडाने कोरडे दाणेदार खाद्य फोडायचे म्हणजे त्या हलत्या दातावर घाव घालण्यासारखे आहे. पिल्लू दोन दाणे तोंडात घेते, एका बाजूने चावते, टाकून देते आणि बाजूला जाऊन बसते. पडलेले दात बहुधा ते गिळूनच टाकते, म्हणून आपल्याला ते सापडत नाहीत. त्यात काही अपाय नाही.

येथे माझी चूक झाली होती, म्हणून हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो. दातांमुळे तोंड दुखते. भूक मरत नाही. दात येणारे पिल्लू वाटी वाजली की धावत येते, वास घेते, खाण्याची इच्छा दाखवते आणि दुखले की थांबते. त्याच पिल्लाला तेच खाद्य कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून मऊ करून द्यावे. दातांचेच दुखणे असेल तर ते बहुधा खाते, निदान अर्धे तरी संपवते. पाणी पिते, खेळते, शेपटी हलवते. एखादे जेवण चुकते, एखादा दिवस ते कमी खाते, इतकेच. याउलट जे पिल्लू मऊ अन्नाकडेही वळत नाही, वाटीचा आवाज ऐकूनही कोपऱ्यातून उठत नाही, त्याचे कारण दातांत शोधू नये. शेजारचे पिल्लू उठले नव्हते. ते मला सांगितलेही गेले होते, पण मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

पार्वो हा विषाणू 1978 च्या सुमारास प्रथम जगाच्या नजरेस आला. त्याची सर्वाधिक झळ दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना बसते, म्हणजे नेमक्या दात बदलण्याच्या वयात. म्हणूनच हा घोटाळा वारंवार होतो. सुरुवात मरगळ आणि अन्न सोडण्यापासून होते. पुढे ताप, ओकाऱ्या आणि दुर्गंधीयुक्त, अनेकदा रक्तमिश्रित जुलाब. अंगातील पाणी इतक्या वेगाने कमी होते की एका रात्रीचा उशीर महागात पडतो. पिल्लू घराबाहेर गेले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. हा विषाणू माणसांच्या चपलांबरोबर घरात येतो आणि जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने लसी देतात आणि शेवटची मात्रा सोळा आठवड्यांचे वय पूर्ण झाल्यावर येते. आधीच्या मात्रा दिल्या म्हणून ही टाळता येत नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लसीचा प्रभाव नीट पडत नाही, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. हप्ता चुकला तर कर्ज थकते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. लसीच्या तारखेलाही तीच शिस्त हवी. लस टोचल्यावर मात्र एखादा दिवस पिल्लू मलूल राहते व कमी खाते. ते बहुतेक वेळा आपोआप ठीक होते.

आणखी एक कारण आपल्या घरांत विशेष संभवते. हिरड्या शिवशिवतात म्हणून पिल्लू दिसेल ते चावते, आणि ज्याचे दुकान खाली व घर वर, त्याच्या जिन्यात सुतळी, रबर बँड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या यांना तोटा नसतो. कापडाच्या दुकानात डांबराच्या गोळ्याही असतात, आणि त्या विषारी आहेत. गिळलेली सुतळी आतड्यात अडकली तर पिल्लू खाणे सोडते, ओकते, पोटाला हात लावू देत नाही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक दिसले तर ते कधीही ओढू नये. आतडे चिरले जाते. तसेच थेट डॉक्टरांकडे न्यावे. या प्रसंगात दात येणे हे मूळ निमित्त असते, पण आजार दातांचा नसतो.

जंत, गोचिडांमुळे येणारा ताप, उन्हाळ्याची काहिली, यांनीही भूक मंदावते. गोचीड काढण्याबाबत आपल्याकडे संकोच असतो, तो मला समजतो. म्हणूनच ते होऊ नयेत यासाठी अंथरूण, कोपरे आणि पिल्लाचे अंग रोज पाहणे, ही यतना आधी करावी आणि प्रतिबंधाचे औषध डॉक्टरांना विचारून सुरू ठेवावे.

दुखऱ्या हिरड्यांसाठी सर्वसाधारणपणे थंड गाजर किंवा बर्फ द्यायला सांगतात. गाजर कंदमूळ आणि बर्फ अभक्ष्य, तेव्हा ज्या घरांत दोन्ही वर्ज्य आहेत तेथे अडचण होते. उपाय सोपा आहे. स्वच्छ जाड फडके ओले करून पिळावे, घड्याळाचा तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि आपल्या देखत चघळू द्यावे. थंड काकडीची मोठी फोड, बिया काढलेले सफरचंद हेही चालते. जेवणात मऊ मुगाची खिचडी किंवा दहीभात एक-दोन दिवस द्यावा. दोन्ही एकत्र का करू नयेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात, त्यामुळे त्या बाबतीत आपले स्वयंपाकघर आयतेच सुरक्षित आहे. पण मनुका, बेदाणे, द्राक्षे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि चॉकलेटही विषारी आहे. सुक्या मेव्याचा डबा मुलांच्या हाती असेल तेव्हा लक्ष ठेवावे. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि बाळाच्या हिरड्यांना लावायचे मलम पिल्लाला कदापि देऊ नये.

केवळ दूध-पोळीवर पिल्लू वाढवणारी घरे मी पाहिली आहेत. दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात, आणि वाढत्या हाडांना लागणारी प्रथिने, कॅल्शियम त्यातून योग्य प्रमाणात मिळत नाहीत. आपल्याप्रमाणे उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्वही कुत्र्याच्या अंगात तयार होत नाही. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, मांजर नाही. मात्र वाढीच्या वयात तो शाकाहार पशुवैद्यांच्या सल्ल्याने आखलेला असावा.

वेळेचा प्रश्नही आहे. चौविहार पाळणाऱ्या घरात स्वयंपाकघर सूर्यास्ताला बंद होते आणि नवकारसीनंतर उघडते. चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन वेळा अन्न लागते. हिरड्या दुखत असल्याने त्याने संध्याकाळचे जेवण टाकले, तर दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोट रिकामे राहते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीत तेवढ्यानेही रक्तातील साखर घसरून पिल्लू लटपटू लागते, शुद्धही हरपू शकते. आमच्याकडे शेवटचे जेवण सूर्यास्ताच्या तासभर आधी देतो, म्हणजे नाकारले तर मऊ करून पुन्हा देण्याला अवधी मिळतो. नंतरही गरज पडली तर आजारी व बाळ यांना जी सूट आपण देतो, ती पिल्लालाही असावी. पाण्याचे भांडे रात्री उचलू नये.

चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही, छोट्या जातीच्या पिल्लाने बारा तासांत काही खाल्ले नाही, किंवा न खाण्याबरोबर ओकारी, जुलाब, मरगळ यांतील एकही लक्षण असेल, तर वाट पाहू नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हाताला अंग गरम लागले एवढ्यावरून ताप ठरवू नये. ओठ उचलून हिरडी पाहावी. गुलाबी हिरडी ठीक. पांढरट, फिकट हिरडी दिसली तर लगेच निघावे. डॉक्टर प्रथम विचारतात ते “शेवटचे कधी खाल्ले?” आणि घरातील चार माणसे चार उत्तरे देतात. आयुष्यभर खातेवह्या तपासल्यामुळे असेल, पण मी एक साधी वही ठेवली आहे: वेळ, किती दिले, किती खाल्ले, शौच कसे, आणि आठवड्याला वजन. लिहायला एक मिनिट लागतो.

सहा महिने उलटल्यावर एकदा तोंड उघडून नीट पाहावे. काही वेळा, विशेषतः छोट्या जातींत, दुधाचा सुळा पडतच नाही आणि कायमचा सुळा त्याच्या शेजारी येतो. दोन दातांच्या फटीत अन्न कुजते, हिरडी सुजते, नवा दात वाकडा येतो, आणि दात बदलण्याचा काळ संपला तरी पिल्लू चावताना कुरकुरते. असा दात भूल देऊन काढावा लागतो. आमच्या मोतीचा वरचा डावा सुळा असाच राहिला होता. तो काढल्यावर दोन दिवस त्याने मऊ भातच खाल्ला. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात सूनबाईंनी “कोरडे खाद्य, पूर्ण” असे लिहिले आहे.