पेढीवरील संगणक आणि सफाईचा बोजा

दिवाळीपूर्वी पेढीची झाडलोट करावयाची, जुने चोपडे बासनात बांधून माळ्यावर ठेवावयाचे आणि नव्या वह्यांचे पूजन करावयाचे, ही आपल्या व्यापारी घराण्यांतील चाल सर्वपरिचित आहे. चोपड्यांच्या जागी संगणक आला, तथापि जागेचा प्रश्न मिटला नाही. तो माळ्यावरून उतरून मेजावरील पेटीत येऊन बसला, इतकेच. ‘सी ड्राइव्ह’ भरत आल्याची लाल पट्टी पडद्यावर दिसू लागली की हिशेबनीस धास्तावतो, आणि कोणीतरी सुचविलेले एखादे फुकट मिळणारे सफाईचे सॉफ्टवेअर यंत्रात चढविले जाते. दुसऱ्या दिवशी पाहावे तो रिकामी जागा वाढण्याऐवजी घटलेली! हा प्रकार विरळा नाही, व त्यात जादूही नाही. त्याची कारणे सभासद बंधूंपुढे मांडावीत, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

मुळात संगणकातील फाईल ‘पुसली’ म्हणजे काय होते, हे पाहिले पाहिजे. विंडोज प्रणाली आपल्या तबकडीवरील फाइलींची एक मोठी अनुक्रमणिका ठेवीत असते. आपण फाईल काढून टाकली व कचरापेटीही रिकामी केली, म्हणजे त्या अनुक्रमणिकेत ‘हे पान आता मोकळे’ अशी खूण होते. पानावरील मजकूर मात्र जागच्या जागी राहतो. पुढे कधीतरी त्या पानावर दुसरे काही लिहिले जाईल, तेव्हाच तो नाहीसा होणार. खतावणीच्या सूचीतून नाव खोडले, पण खात्याचे पान फाडले नाही, असाच हा व्यवहार होय. त्यामुळे जुने यंत्र विकताना आपले हिशेब परक्याच्या हाती जाण्याची भीती उत्पन्न होते, आणि ती निराधार नाही.

या भीतीवर उतारा म्हणून कित्येक सफाईच्या सॉफ्टवेअरांत ‘मोकळी जागा पुसून काढा’ अशी एक सोय असते. सामान्य सॉफ्टवेअरला मोकळ्या पानांवर थेट हात घालता येत नाही; म्हणून ते एक युक्ती करते. ते स्वतःच एक प्रचंड निरर्थक फाईल निर्माण करते, ती फुगवीत फुगवीत सर्व मोकळी जागा व्यापते, आणि अखेरीस ती फाईल काढून टाकते. म्हणजे जागा मोकळी व स्वच्छ करण्यासाठी ती आधी पूर्ण भरावीच लागते! विंडोजमध्ये अंगभूत असलेली ‘सायफर’ ही आज्ञा नेमके हेच करते. ती प्रथम शून्ये, नंतर दुसरा एक ठरावीक आकडा आणि शेवटी कसलाही क्रम नसलेले आकडे, अशा तीन फेऱ्या लिहिते, आणि या कामासाठी ड्राइव्हच्या मुळाशी ‘ई.एफ.एस.टी.एम.पी.डब्ल्यू.पी.’ या नावाचे एक फोल्डर उघडते.

आता वेळेचा हिशेब करा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एम.बी. लिहिते असे धरले, तर ५०० जी.बी. मोकळ्या जागेवर एक फेरी पुरी व्हावयास सुमारे ८३ मिनिटे लागतील, व तीन फेऱ्यांस चार तासांहून अधिक. संध्याकाळी दुकान वाढविण्याच्या घाईत गुमास्त्याने हे काम सुरू केले आणि मध्येच यंत्र बंद केले, किंवा वीज गेली, तर ती फुगलेली फाईल काढून टाकण्याची शेवटची पायरी घडतच नाही. सकाळी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला दिसतो, आणि कोणत्याही ओळखीच्या फोल्डरात त्याचे कारण सापडत नाही. अशा वेळी नवे सॉफ्टवेअर शोधण्यापूर्वी ड्राइव्हच्या मुळाशी लपलेल्या फाइली दाखवावयास सांगून, आकाराने अवाढव्य व नावाने निरर्थक असे काही उरले आहे काय, हे पाहावे. सफाईचे काम चालू नाही अशी खात्री करून ते काढून टाकले की जागा परत मिळते.

याहून वाईट प्रसंग म्हणजे सफाई चालू असताना त्याच यंत्रावर हिशेब लिहिले जाणे. ड्राइव्ह क्षणभर जरी पूर्ण भरला तरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरला नोंद लिहावयास जागा उरत नाही, आणि अर्धवट लिहिलेली नोंद ही न लिहिलेल्या नोंदीहून घातक ठरते. शिवाय ज्यांच्या यंत्रात एस.एस.डी. आहे त्यांनी तर या पुसापुशीच्या वाटेस जाऊच नये. तेथे कोणता मजकूर कोणत्या पेशीत जाईल हे तबकडीचा अंतर्गत नियंत्रक ठरवितो, त्यामुळे जुना मजकूर नक्की पुसला गेला असे म्हणता येत नाही. आणि प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहून घेते, सबब आयुष्य मात्र खर्ची पडते.

जागा खाण्याच्या अन्य वाटा लहान आहेत, पण एकत्र आल्या म्हणजे जाणवतात. कित्येक सॉफ्टवेअरे सफाईपूर्वी ‘पूर्वस्थितीची प्रत’ काढून ठेवतात, संशयित फाइली न काढता आपल्या कोठडीत डांबतात, प्रत्येक कामाचा वृत्तांत लिहितात, आणि स्वतःबरोबर दुसरे एखादे न मागितलेले सॉफ्टवेअरही आणतात. ‘रजिस्ट्री’तील शेकडो दोष काढल्याचा त्यांचा डांगोराही फारसा मनावर घेऊ नये, त्या नोंदी आकाराने इतक्या क्षुल्लक असतात की त्या काढून जागा वाचत नाही, आणि असल्या सफाईच्या साधनांना आपला पाठिंबा नाही असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेले आहे. ब्राउझरचा साठा पुसला तर दोन दिवसांत तो पुन्हा जमतो. आपल्या शास्त्रकारांनी निर्जरेच्या आधी संवर सांगितला आहे. येणारा ओघ न थांबवता साचलेले झाडीत बसणे व्यर्थ, ही गोष्ट संगणकासही लागू पडावी याचे थोडे कौतुकच वाटते.

बाहेरचे सॉफ्टवेअर म्हणजे पेढीच्या किल्ल्या परक्याच्या हाती देणे, हेही ध्यानात असावे. ‘सीक्लीनर’ हे या वर्गातील अत्यंत प्रसिद्ध सॉफ्टवेअर. २०१७ साली त्याच्या निर्मात्यांच्याच यंत्रणेत शिरून कोणी ५.३३ या आवृत्तीत घातक भाग मिसळला. ती आवृत्ती ऑगस्टमध्ये बाहेर पडली, प्रकार सप्टेंबरात उघड झाला, आणि तोवर सुमारे २२ लाख ७० हजार यंत्रांवर ती पोहोचली होती. अधिकृत ठिकाणाहून घेतले, सही-शिक्का बरोबर होता, तरी हे घडले.

कधी कधी दोष जागेचा नसून मोजमापाचा असतो. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती घेणाऱ्यांना सुमारे ८.६३ जी.बी. जुना साठा काही केल्या हटत नाही असे दिसू लागले. ती केवळ आकडा दाखविण्यातील चूक आहे, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. तराजूत पासंग असला तर मालास दोष देऊन काय उपयोग!

विंडोजची स्वतःची साधने बहुतेक पेढ्यांस पुरेशी आहेत. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या सदरात कोणी किती जागा व्यापली हे स्पष्ट दिसते. मोठी आवृत्ती बदलल्यावर राहणारे ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर कित्येक जी.बी.चे असते, पण प्रणाली ते सामान्यतः १० दिवसांनी आपण होऊन काढून टाकते. मात्र येथेही एक खड्डा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरातील आवृत्तीत ‘डिस्क क्लीनअप’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ फोल्डर समाविष्ट झाले, आणि सर्व चौकटींवर खुणा करण्याची सवय असलेल्यांची पंचाईत झाली. पुढे ते त्या यादीतून वगळण्यात आले. सेटिंग्जमधील यादीत मात्र ते अजून दिसते. आपल्या पेढ्यांवर बँकेची उतारपत्रके, ई-वे बिले, जी.एस.टी.ची विवरणपत्रे याच फोल्डरात पडलेली असतात, आणि कोणी ती उचलून जागी लावीत नाही.

ती गेली तर नुकसान केवळ गैरसोयीचे नाही. जी.एस.टी. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब व कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. तेव्हा सफाईचा दिवस ठरविण्यापूर्वी जुन्या वर्षांच्या हिशेबांच्या प्रती बाहेरच्या दोन तबकड्यांवर उतराव्यात, एक पेढीवर व एक घरी ठेवावी, आणि त्यांतील एखादे वर्ष दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावे. त्याच सी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. यंत्र बिघडले की मूळ व नक्कल दोन्ही एकदम जातात. ज्या वर्षाचे अपील वा चौकशी चालू असेल, त्याचे कागद प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, किंवा वरील ७२ महिने, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवणे बंधनकारक आहे; त्या वर्षाच्या फोल्डराच्या नावातच तशी नोंद करून ठेवली तर नवा हिशेबनीसही त्यास हात लावणार नाही.